ओढणारा लॅब, चोक चेन आणि शॉक कॉलर: कोणता पट्टा घ्यावा, कोणता काढून टाकावा

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात कोथरूडला सोसायटीत राहणाऱ्या एका ताईंचा लॅब्रडॉर आहे, १४ महिन्यांचा, ३४ किलोचा. घरात अगदी लाघवी, पण लिफ्टमधून बाहेर पडला की बैलासारखा ओढतो. गेल्या महिन्यात सासूबाई त्याला सकाळी खाली घेऊन गेल्या, समोरून मांजर गेलं, त्याने हिसका दिला आणि त्या पायरीवर आपटल्या. मनगटाला प्लास्टर आहे. दुकानदाराने आधी चोक चेन, म्हणजे ओढ बसली की गळ्याभोवती आवळणारी साखळी, दिली. ती घातल्यापासून कुत्रा खोकतो, पण ओढायचा काही थांबत नाही. आता तोच दुकानदार रिमोटवाली शॉक कॉलर, म्हणजे बटण दाबलं की गळ्याला विजेचा झटका देणारा पट्टा, घ्या म्हणतोय. ताई विचारतात, "लावू का? आणि लावली तर किती नंबरवर ठेवू?"

ताई, लावू नका. आणि चोक चेन आज संध्याकाळच्या फेरीआधीच काढून ठेवा. सासूबाईंचं मनगट बरं झालं तरी पुढचे दीड-दोन महिने कुत्रा त्यांच्या हातात देऊ नका, कारण त्याला शिकवायला तेवढा वेळ लागेलच. आता का आणि त्याऐवजी काय, ते सांगतो. मी गेली एकोणीस वर्षं हेच काम करतो आहे, आणि पहिली सहा-सात वर्षं मी स्वतः चोक चेनवरच कुत्री शिकवली. म्हणून हे ऐकीव नाही.

आधी तो ओढतो का, ते बघा. तो हट्टी नाही, तुमच्यावर वरचष्मा गाजवायलाही बघत नाही. ओढलं की पुढे जायला मिळतं, एवढंच तो शिकलाय. लहान होता, सात-आठ किलोचा, तेव्हा ओढून झाडापाशी न्यायचा आणि सगळे कौतुकाने मागे जायचे. दिवसातून तीनदा, वर्षभर. म्हणजे हजारभर वेळा त्याला ओढण्याचं बक्षीस मिळालंय. ती सवय गळ्याला चिमटा लावून जात नाही. आज चिमटा बसतोय म्हणून तो थबकेल, उद्या मांजर दिसलं की चिमट्यासकट ओढेल. तुमच्याकडे तेच झालं.

पट्ट्याची खरी कामं दोन: कुत्रा कोणाचा हे सांगणं आणि अचानक काही झालं तर त्याला धरून ठेवणं. शिकवणं हे पट्ट्याचं कामच नाही. ते तुमच्या हाताचं, खाऊचं आणि वेळ साधण्याचं काम आहे. दुकानात 'ट्रेनिंग कॉलर' असा डबा दिसला की माणसाला वाटतं, हा घातला की ट्रेनिंग झालं. तसं होत नाही.

आता गळ्याचं बघू. स्वतःच्या कंठमण्याच्या जरा खाली दोन बोटं ठेवा आणि हलकेच दाबा. लगेच ढास लागते ना? कुत्र्याचीही श्वासनलिका तिथेच, त्वचेच्या जवळ असते. तिच्या आजूबाजूला अन्ननलिका, थायरॉइड ग्रंथी, डोक्याकडे जाणाऱ्या-येणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि महत्त्वाच्या नसा असतात. केस दाट असले तरी खालच्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर आपल्यापेक्षा पातळच असतो. 'त्यांचा गळा जाड असतो, काही होत नाही' हे मी पूर्वी इतरांना सांगायचो. ते चुकीचं होतं. २००६ साली अमेरिकेत कुत्र्यांच्या डोळ्यांतला दाब मोजून पाहिला गेला: गळ्यातल्या पट्ट्यावर ओढल्यावर तो वाढला, छातीभोवती बांधायच्या पट्ट्यावर, म्हणजे हार्नेसवर, ओढल्यावर तसा वाढला नाही. पग किंवा काचबिंदूचा धोका असलेल्या कुत्र्याच्या बाबतीत हे किती महत्त्वाचं आहे, ते वेगळं सांगायला नको. पॉमेरेनियन, यॉर्की, चिवावा या छोट्या जातींत श्वासनलिका मुळात नाजूक असते, तिच्या कड्या दबून चपट्या होतात आणि बदकासारखा खोकला येतो. अशा कुत्र्याला गळ्यात लीश, म्हणजे आपण हातात धरतो ती दोरी, अडकवूच नये.

तुमचा कुत्रा खोकतोय, ते आधी व्हेटला दाखवा. चेन काढल्यावर दोन दिवसांत खोकला गेला तर बरंच, पण तरीही घसा तपासून घ्या. चेनमुळे सूज असू शकते, किंवा योगायोगाने संसर्गाचा खोकलाही असू शकतो. दोन्हींवरचे उपचार वेगळे आहेत.

तुमच्या लॅबसाठी मी छातीवर कडी असलेला हार्नेस घेईन. दुकानात दोन प्रकार मिळतात. एकाचा पट्टा छातीवरून आडवा, खांद्याच्या हाडांवरून जातो. तो घेऊ नका, त्याने पुढचे पाय मोकळे पडत नाहीत. दुसरा समोरून इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसतो: दोन पट्टे खांद्यांच्या आतून येतात, छातीच्या हाडावर जुळतात आणि एकच पट्टा पुढच्या पायांमधून मागे जातो. हा घ्या. पाठीवर एक कडी आणि छातीवर एक कडी असलीच पाहिजे. लीश छातीच्या कडीला लावली की कुत्रा ओढायला लागताच त्याचं अंग तुमच्याकडे वळतं. गळ्याला काही होत नाही, पण त्याला जोर मात्र लावता येत नाही. पाठीच्या कडीला लावलीत तर तो गाडीच्या बैलासारखा आणखी छान ओढेल, तेवढं लक्षात ठेवा.

माप घेताना शिवणकामाची टेप कोपरांच्या मागे दोन बोटं सोडून छातीच्या सगळ्यात रुंद भागाभोवती गुंडाळा, आणि मानेच्या मुळाचंही माप घ्या. घातल्यावर प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटं सरळ, चपटी जायला हवीत. अडकली तर घट्ट, तीन-चार गेली तर सैल. पहिला आठवडा रोज काखेत हात घालून बघा. केस तुटलेले किंवा त्वचा लाल दिसली तर पट्टा मागेपुढे करा. बाहेर नेण्याआधी तीन-चार दिवस घरातच जेवणाच्या वेळी दहा मिनिटं घालून काढायचा, म्हणजे तो बघून कुत्रा पळत नाही.

लीश साधी, सहा फुटी, कापडी. बटण दाबून लांब-आखूड होणारी अजिबात नको, ३४ किलोच्या कुत्र्यासमोर तिचा काही इलाज चालत नाही आणि दोरीने हात कापला जातो. आणि हे सासूबाईंना जरूर सांगा: लीश मनगटाला गुंडाळायची नाही. फास अंगठ्यात घ्यायचा आणि मूठ बंद करायची. हिसका बसला तर मूठ उघडता येते. मनगटाला गुंडाळलेली लीश माणसाला खाली खेचते. हिसक्याने मनगट मोडलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यात बहुतेकांनी लीश अशीच गुंडाळलेली होती.

तोंडावरून जाणारा 'हेड हॉल्टर' नावाचा पट्टा असतो, घोड्याच्या लगामासारखा. मोठ्या, ताकदवान कुत्र्याला आणि नाजूक माणसाला तो उपयोगी पडतो, पण कुत्र्याला तो आवडायला दोन आठवडे खाऊ घालावा लागतो. त्याला कधीही झटका द्यायचा नाही आणि लांब दोरी जोडायची नाही, मान मुरगळते. सोसायटीतली माणसं त्याला मुसकी समजून लांब पळतात, ते वेगळंच. हार्नेसने भागलं तर याची गरज नाही.

मार्टिंगेल हा पट्टा तुमच्या लॅबला लागणार नाही, पण मराठवाड्यातून आणि उत्तर कर्नाटकातून कारवान किंवा मुधोळ जातीची कुत्री आणणारे खूप लोक मला त्याबद्दल विचारतात. या हाउंड, म्हणजे शिकारी, कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं. साधा पट्टा घातलेला कारवान घाबरून मागे सरकला की डोकं अलगद बाहेर काढतो आणि एका क्षणात रस्त्यापलीकडे जातो; त्याचा वेग माणसाला गाठता येत नाही. मार्टिंगेलला एक छोटा जादा वळसा असतो, ओढ बसली की तो थोडासा आवळतो. तो पूर्ण आवळला तरी गळ्याच्या मापाएवढाच झाला पाहिजे, त्याहून लहान नाही. फक्त फिरताना घालायचा. घरात किंवा गच्चीवर एकटा असताना घालून ठेवायचा नाही, कशात तरी अडकतो.

चोक चेनबद्दल लोक म्हणतात, नीट घातली तर चालते. खरं आहे, ती घालायच्या दोन बाजू असतात. उलटी घातली तर ओढ सुटल्यावरही ती सैल होत नाही, आवळलेलीच राहते. दहापैकी सात घरांत मी ती उलटीच पाहिली आहे. पण सुलटी असली तरी तिला थांबायची मर्यादाच नाही, माणूस जितकं ओढेल तितकी ती आवळते. आणि प्रॉंग, म्हणजे आत वळलेल्या काट्यांचा पट्टा? हिमालयात मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा असतो, पण ते खिळे बाहेरच्या बाजूला असतात, बिबट्याने गळा धरू नये म्हणून. आपण तेच खिळे आत वळवून शहरातल्या कुत्र्याला घालतो. जर्मनीत २०२२ पासून कुत्रा शिकवताना काट्यांचा पट्टा वापरायला मनाई आहे.

आता शॉक कॉलर. "किती नंबरवर?" याचं उत्तर नाही, कारण त्या नंबराला काही अर्थच नाही. एका कंपनीचा २० आणि दुसऱ्या कंपनीचा २० यांचा एकमेकांशी संबंध नसतो. त्याच कॉलरचा तोच नंबर कोरड्या त्वचेवर वेगळा लागतो, जुलैच्या पावसात भिजलेल्या गळ्यावर वेगळा. शांत बसलेल्या कुत्र्याला जो जोरात लागतो, तोच मांजरामागे धावणाऱ्या कुत्र्याला जाणवतही नाही. मग माणूस नंबर वाढवतो, आणि कुत्रा शांत झाल्यावर चुकून बटण दाबलं जातं.

त्याहून मोठा धोका मी एका घरात डोळ्यांनी पाहिला. बंगला, गेट, आत जर्मन शेफर्ड मादी, तीन वर्षांची. गेटसमोरून सायकलवर शाळेची मुलं जायची, ती भुंकायची. घरच्यांनी बाहेरून कॉलर मागवली, भुंकली की बटण. तीन आठवड्यांत भुंकणं बंद, घरचे खूश. महिन्याभराने गेट उघडं राहिलं आणि तिने न भुंकता, न गुरगुरता सरळ एका मुलाची पोटरी धरली. मला बोलावलं तेव्हा मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. तिचे कान मागे गेलेले, शेपूट पोटाखाली. घरमालकांनी खिशातून मोबाइल काढला, तशी ती अंग चोरून फरशीला चिकटली, कारण रिमोटही त्याच खिशातून यायचा. मी गळ्याचे केस बाजूला केले. कॉलरचे दोन खिळे टेकायचे तिथे वाटाण्याएवढ्या दोन ओल्या जखमा होत्या. त्या विजेने भाजल्याच्या नव्हत्या, दिवसरात्र कॉलर दाबून बसल्यामुळे तिथली कातडी मेली होती.

तिच्या दृष्टीने काय झालं? मुलगा दिसला, गळ्याला कळ आली. शंभरदा. मुलगा म्हणजे कळ हे तिच्या मनात पक्कं बसलं. आणि भुंकणं, गुरगुरणं म्हणजे "लांब राहा" ही तिची सूचना, ती आपणच बंद पाडली. भीती तशीच राहिली, इशारा तेवढा गेला. तिला पुन्हा माणसात आणायला आठ महिने लागले, आणि मुलं दिसली की ती आजही ताठरते. तुमचा लॅब आज मांजराकडे आनंदाने ओढतोय. शॉकनंतर तो मांजराकडे, किंवा त्याच क्षणी शेजारून जाणाऱ्या सासूबाईंकडे, कोणत्या नजरेने बघेल हे तुमच्या हातात राहणार नाही.

इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हाक मारल्यावर न येणाऱ्या आणि तत्सम तक्रारी असलेल्या ६३ कुत्र्यांचे तीन गट केले होते. एका गटाला कॉलर बनवणाऱ्या कंपन्यांनी सुचवलेल्या अनुभवी प्रशिक्षकांनी शॉक कॉलरने शिकवलं, दुसऱ्या गटाला त्याच प्रशिक्षकांनी कॉलरशिवाय, आणि तिसऱ्याला बक्षिसावर भर देणाऱ्या प्रशिक्षकांनी. बक्षिसवाला गट मागे पडला नाही. सांगितलेलं ऐकण्यात उलट पुढेच होता. म्हणजे तरबेज हातातसुद्धा कॉलरचा फायदा दिसला नाही. वेल्समध्ये २०१० पासून शॉक कॉलरवर बंदी आहे. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमात प्राण्याला विनाकारण वेदना देणं हा गुन्हा आहे, आणि अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणंही.

हे वाचणाऱ्या काहींच्या घरी अशी कॉलर आत्ता कुत्र्याच्या गळ्यात असेल. माझं मागणं काढून टाका हेच आहे. पण उद्यापर्यंत तरी एवढं करा: तिला लीश कधीही जोडू नका, ओढ बसली की खिळे रुततात. रात्री काढाच. दिवसाही दर तास-दोन तासांनी जागा बदला आणि रोज संध्याकाळी केस बाजूला करून त्वचा बघा; लाल डाग दिसला की बरा होईपर्यंत गळ्यात काहीही नको. पिल्लू, गाभण मादी, हृदयाचा किंवा फिटचा त्रास असलेला कुत्रा, घाबरट कुत्रा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अंगावर जाणारा कुत्रा, यांना ती लावूच नका. रिमोट मुलांच्या हाताला लागू देऊ नका. भुंकल्यावर आपोआप शॉक देणारी तर आजच फेका. स्वस्तातल्या कितीतरी कॉलर आवाजावर चालतात, शेजारचा कुत्रा भुंकला तरी तुमच्या कुत्र्याला शॉक बसतो.

फक्त थरथरणाऱ्या, शॉक नसलेल्या कॉलरचा एक उपयोग मात्र मी मनापासून सांगतो. डाल्मेशियनमध्ये जन्मतः बहिरी पिल्लं बरीच निघतात. अशा एकाला मी थरथर म्हणजे 'माझ्याकडे बघ' असं शिकवलं: बटण, लगेच चिकनचा तुकडा. बाराव्या दिवशी तो मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून वळून बघायला लागला. तिथे कॉलर ही हाक आहे, शिक्षा नाही.

आता तुमचं काम. सकाळी जेवणाआधी, पोट रिकामं असताना, पार्किंगमध्ये. रस्त्यावर नाही. खिशात उकडलेलं चिकन किंवा पनीर, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा यांपैकी काही नको, ते त्यांना विषारी आहे. लीश छातीच्या कडीला. नुसते उभे राहा. लीशला झोळ पडला की त्याच क्षणी "हां!" म्हणा आणि तुकडा तुमच्या मांडीला लागून द्या. पुढे हात करून देऊ नका, नाहीतर तो पुढे राहायला शिकेल. "हां" एका सेकंदाच्या आत यायला हवं. तीन सेकंदांनी म्हणालात तर तोवर तो दुसरंच काही करत असतो आणि त्याचं बक्षीस त्याला मिळतं.

उभं राहणं जमलं की एक पाऊल, मग दोन. ताण आला की खांबासारखं थांबायचं. ओढायचं नाही, ओरडायचं नाही, झटका तर नाहीच. तो वळून बघेल, झोळ पडेल, "हां", तुकडा, पुढे. पहिल्या आठवड्यात पंधरा मिनिटांत पन्नास पावलं झाली तरी पुष्कळ. तुम्हाला वाटेल, काही होत नाहीये. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो ताण येण्याआधीच स्वतः मान वळवेल, तो क्षण चुकवू नका, तेव्हा सलग तीन तुकडे द्या.

धड्याआधी किंवा नंतर दहा मिनिटं लीश पाठीच्या कडीला लावा आणि त्याला हवं तिथे हुंगू द्या. झाडाच्या बुंध्याशी दोन मिनिटं उभा राहू द्या. हुंगणं ही त्याची सकाळची बातमी आहे, ती वाचल्याशिवाय त्याचं डोकं शांत होत नाही. दोन वेगळ्या कड्या म्हणजे दोन वेगळे नियम, हे कुत्र्याला फार पटकन कळतं. मांजर दिसलं तर आधी अंतर वाढवा. ज्या अंतरावरून तो मांजर बघूनही तुकडा घेतो, तिथूनच सुरुवात.

घरात एकच नियम. तुम्ही सकाळी मेहनत घ्यायची आणि रात्री दहाला घाईत असलेल्या कोणीतरी त्याला गेटपर्यंत ओढत जाऊ द्यायचं, असं झालं तर दिवसभराचं शिकणं गेलं. ज्याला वेळ नसेल त्याने त्या दिवशी पार्किंगच्या कोपऱ्यातच शी-शू उरकून वर यावं.

साधा चपटा पट्टाही गळ्यात असू द्या, त्यावर फक्त नाव, फोन नंबर आणि महापालिकेच्या परवान्याचा बिल्ला. एरवी लीश त्याला नाही. पावसाळ्यात नायलॉनचा ओला पट्टा दिवसभर राहिला की खाली पुरळ आणि बुरशी येते, चामड्याचा कुजतो. रोज काढून पुसा आणि त्याखाली गोचीड बघा. दोन कुत्री दंगा करत खेळत असतील तर दोघांचेही पट्टे काढा, एकाचा जबडा दुसऱ्याच्या पट्ट्यात अडकून जीव जाण्याची वेळ येते. पिल्लू असेल तर दर आठवड्याला दोन बोटांचं माप. वाढत्या मानेत पट्टा रुतलेली पिल्लं मी रस्त्यावरच नाही, चांगल्या घरांतही पाहिली आहेत. गणपतीत ढोल-ताशे आणि दिवाळीत फटाके सुरू झाले की दोन टोकांची लीश वापरा, एक टोक हार्नेसला, दुसरं पट्ट्याला. बिथरलेला कुत्रा एकातून निसटला तरी दुसऱ्यात राहतो.

सासूबाईंच्या हातात लीश कधी द्यायची? स्टीलच्या पेल्यात अर्धं पाणी घ्या, तो उजव्या हातात धरा आणि त्याच हातात लीश. लिफ्टपासून गेटपर्यंत आणि परत. सलग तीन सकाळी पाणी सांडलं नाही, तर चौथ्या दिवशी तुम्ही शेजारून चाला आणि लीश त्यांच्याकडे द्या.